रात्री फिरणारं मीटर: एका घराचा वर्षभराचा हिशेब

कपाट आवरताना दारामागे अडकवलेल्या कापडी पिशव्या मोजल्या, त्या सतरा निघाल्या. घरात माणसं पाच: मी, नवरा, सासूबाई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सातवीतला मुलगा. सतरापैकी नऊ पिशव्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. शेजारच्या खणात बांबूचे ब्रश, स्टीलच्या नळ्या आणि तीन आकारांचे काचेचे डबे होते. पर्यावरणासाठी काहीतरी करायचं या तळमळीतून दोन वर्षांत गोळा झालेलं हे सामान. आणि त्याच दोन वर्षांत आमचं वीजबिल, पाण्याचा वापर आणि रोज दाराबाहेर जाणारी कचऱ्याची बादली, यातलं काहीही कमी झालेलं नव्हतं.

त्यानंतरच्या एका वर्षात आमच्या घरात काय बदललं, काय फसलं आणि कशाने खरोखर फरक पडला, ते इथे सविस्तर मांडते आहे. आमचं घर काही आदर्श नाही. पण चुका कुठे झाल्या ते कळलं, तर दुसऱ्या कुणाची दोन वर्षं वाचतील.

पिशव्यांपासूनच सुरुवात करते. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ साली वेगवेगळ्या पिशव्यांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला होता. फक्त हवामानावरचा परिणाम धरला, तरी साध्या सुती पिशवीला पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी गाठायला किमान ५२ वेळा वापरावं लागतं, असं त्यात निघालं. पाणी, ओझोनचा थर वगैरे सगळे निकष धरले, तर हा आकडा ७१०० वर जातो. उघड्यावर फेकलेल्या प्लास्टिकचा उपद्रव त्या हिशेबात नव्हता, त्यामुळे प्लास्टिक बरं असा अर्थ कुणी काढू नये. अर्थ एवढाच, की कापूस पिकवायला, विणायला, रंगवायला बरंच काही खर्ची पडलेलं असतं आणि ते वसूल होतं फक्त वापरातून. आठवड्याला दोन पिशव्या लागणाऱ्या आमच्या घरात सतराच्या सतरा पिशव्या ५२ वेळा वापरायच्या, तर साडेआठ वर्षं लागतील. आम्ही चार ठेवल्या, बाकीच्या ज्यांना खरंच हव्या होत्या त्यांना देऊन टाकल्या. त्यानंतर "पर्यावरणस्नेही" लिहिलेली एकही नवी वस्तू वर्षभर घरात आणायची नाही, हा आमचा पहिला नियम ठरला.

दुसरा नियम मुलीने सुचवला. ती म्हणाली, "आई, आपण काय वापरतो तेच आपल्याला माहीत नाही. आधी मोजूया." तिचं म्हणणं इतकं बरोबर होतं, की मला ते आधी सुचलं नाही याचं वाईट वाटलं.

रात्रीचं रीडिंग

विजेचं मोजमाप करायला फार काही लागत नाही. रात्री सगळे झोपल्यावर साडेअकराला मीटरचा आकडा लिहून ठेवायचा आणि पहाटे साडेपाचला पुन्हा लिहायचा. या सहा तासांत घरात कुणी काही करत नाही, म्हणजे जे मीटर फिरतं ते घराच्या सवयीने फिरतं, गरजेने नाही. पंखे आणि फ्रिज सोडले तर फारसं काही निघणार नाही, अशी माझी अटकळ होती.

पहिल्या रात्रीचा आकडा अपेक्षेपेक्षा बराच जास्त आला. दुसऱ्या रात्री मुलगी आणि मी मीटरसमोर उभ्या राहिलो आणि एकेक बटण बंद करत गेलो. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा विजेच्या वापराप्रमाणे हळू किंवा जलद मिचकतो. सुरुवातीला तो शांतपणे मिचकत होता. आणि मग आम्ही कशालाही हात लावलेला नसताना अचानक धडधडल्यासारखा भराभर मिचकायला लागला. काही मिनिटांनी पुन्हा शांत. बाथरूममधून बारीकसा "टक" असा आवाज आला आणि मुलगी म्हणाली, "गिझर!"

तो गिझर चोवीस तास चालू असायचा. पंचवीस लिटरची जुनी टाकी. आतलं पाणी थंड होत जातं, थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवतो, पुन्हा थंड होतं, पुन्हा तापवतो. रात्रभर कुणीही न वापरलेलं पाणी ताजं गरम ठेवण्याचं काम इमाने इतबारे चाललेलं. गिझर बंद ठेवून काढलेल्या रात्रीत आणि चालू असलेल्या रात्रीत सहा तासांना साधारण ०.३ युनिटांचा फरक आला. ऐकायला किरकोळ वाटतो. पण दिवसाला तो १.२ युनिट होतो आणि वर्षाला चारशेच्या वर जातो. आमच्या घरात ९ वॅटचे दहा एलईडी दिवे आहेत. ते सगळे रोज पाच तास जळले तरी दिवसाला ०.४५ युनिट होतात. म्हणजे ज्या दिव्यांवरून मी मुलाला दिवसातून दहा वेळा ओरडत होते, त्या सगळ्या दिव्यांच्या अडीच पट वीज एकटा गिझर नुसता बसून खात होता.

याचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. एक लिटर पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला जवळपास ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. नेहमीच्या पदार्थांमध्ये इतकी भूक क्वचितच कुणाची असते. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायची तर सुमारे ०.३५ युनिट लागतात. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा दिवा ३८ तासांहून जास्त जळतो. दिवा डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याच्यामागे लागतो. गरम पाणी दिसत नाही. घरातली वीज वाचवायची असेल तर जिथे उष्णता तयार होते तिथे आधी पाहावं, हे मला त्या रात्री कळलं आणि त्यानंतरचे आमचे जवळपास सगळे निर्णय त्यावरच बेतले.

इथे आमच्याकडून एक चूक झाली, ती मुद्दाम सांगते. उत्साहाच्या भरात नवऱ्याने थर्मोस्टॅट ४५ अंशांवर आणून ठेवला. कमी तापमान, कमी खर्च, असा सरळ विचार. पण टाकीत साठवलेलं पाणी कोमट राहिलं तर त्यात लिजनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. २५ ते ४५ अंश ही त्याला मानवणारी पट्टी. पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे आत गेले तर त्याने गंभीर न्यूमोनिया होतो आणि वयस्कर माणसांना धोका अधिक. घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. कळल्याबरोबर थर्मोस्टॅट पुन्हा ६० वर नेला. बचत तापमान कमी करून नव्हे, वेळ कमी करून साधली: अंघोळींच्या आधी गिझर लावायचा, पाणी पूर्ण तापू द्यायचं, सगळ्यांच्या अंघोळी लागोपाठ उरकायच्या आणि बंद करायचा.

"लागोपाठ" हा शब्द लिहायला सोपा. पहिले पंधरा दिवस घरात रोज भांडण झालं. मुलाला उशिरा उठायचं असायचं, मुलीला रात्री अंघोळ हवी असायची, आणि गिझर बंद केला का हे बघायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. सोळाव्या दिवशी मी ते नाकारलं. आम्ही गिझरच्या स्विचला टायमर बसवला. सकाळी पाऊण तास, रात्री अर्धा तास, बाकी वेळ बंद. भांडण तिथेच संपलं.

त्या टायमरने मला पुढच्या सगळ्या बदलांची कसोटी दिली. जे एकदा करून विसरता येतं ते आधी करायचं. जे रोज कुणीतरी आठवणीने करावं लागतं ते शेवटी, आणि तेही "कुणीतरी" म्हणजे कोण हे ठरवूनच. हिरव्या घराचे सल्ले वाचताना मला नेहमी हे खटकतं, की त्यात रोजची मेहनत कुणाची हा प्रश्न कुणी विचारत नाही. बहुतेक घरांत तो भार बाईवर पडतो, तिने तो काही महिने उचलला की ती थकते आणि घर जुन्या वळणावर जातं. यात तिचा दोष नाही, योजनाच चुकीची होती.

एकदा करून विसरण्याची कामं मग आम्ही एकेक करत गेलो. सॉकेटमध्ये बसवायचं छोटं वीजमापक ओळखीतून आठवडाभरासाठी उसनं मिळालं. त्यावर टीव्हीचा बॉक्स बंद दिसत असतानाही १२ वॅट घेताना दिसला, म्हणजे वर्षाला सुमारे १०५ युनिट. टीव्ही आणि बॉक्स एकाच बटणाच्या एक्स्टेंशन बोर्डवर घेतले. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये मोटरपेक्षा पाणी तापवण्यात जास्त वीज जाते, म्हणून रोजच्या कपड्यांचा कार्यक्रम थंड पाण्यावर लावून ठेवला. आजारपणातल्या चादरी तेवढ्या गरम पाण्यात. थंड पाण्याने कपड्यांचा रंगही टिकतो, आणि कपडा जितका जास्त टिकेल तितका नवा कमी घ्यावा लागतो. उन्हाच्या बाजूच्या खिडकीला आतून पडदा होता, तो तसाच ठेवून बाहेरून सावली केली. ऊन काचेतून आत आलं की पडदा त्याला फक्त थांबवून धरतो, उष्णता खोलीतच राहते. काचेच्या बाहेर अडवलं तर ती आत येतच नाही.

रंगीत पाण्याची परीक्षा

पाण्याचं प्रकरण लवकर मिटलं. स्वयंपाकघरातला नळ सेकंदाला एक थेंब गळत होता. थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर दिवसाला २१ लिटरच्या वर पाणी जातं. आतला रबराचा वॉशर झिजला होता, तो बदलला.

खरी गळती मात्र संडासाच्या फ्लशमध्ये निघाली, आणि तिथे ना आवाज होता ना ओल. सासूबाईंनीच सांगितलं, "अगं, टाकीत थोडा रंग टाक आणि अर्धा तास कुणी जाऊ नका." खायचा रंग टाकला. वीस मिनिटांत भांड्यात खाली रंगीत रेघ उतरली. टाकीच्या तळाची झडप नीट बसत नव्हती आणि केसाएवढी धार दिवसरात्र वाहत होती. ही परीक्षा कुणालाही करता येते, तिला खर्च नाही आणि अर्ध्या तासात निकाल लागतो. मला विचाराल तर घरात पाणी वाचवण्याचं कुठलंही पाऊल उचलण्याआधी ही करावी.

टाकण्याची वही

कचऱ्याकडे वळलो तेव्हा मला वाटत होतं, की आमचा मोठा शत्रू प्लास्टिक. सात दिवस ओला आणि सुका कचरा वेगळा तोलला. वजनाने ओला कचरा दुपटीहून जास्त भरला. त्यात सालं, देठं असणार हे धरून चाललो होतो, पण बराच भाग निव्वळ अन्न होतं: शिजवून उरलेलं, विसरलेलं, आणलं तेव्हा ताजं असलेलं.

हे फक्त आमच्या घरचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. हॉटेलं आणि दुकानं मिळून होतात त्याहून जास्त. अन्न टाकलं की ते पिकवायला लागलेलं पाणी, खत, इंधन, सगळंच टाकलं जातं. शिवाय कचऱ्याच्या ढिगाऱ्यात हवा न मिळता कुजताना त्यातून मिथेन निघतो. वीस वर्षांच्या काळात मोजलं तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो.

मुलाने फ्रिजच्या दाराला एक वही दोरीने बांधली. जो अन्न टाकेल त्याने दोन गोष्टी लिहायच्या: काय टाकलं आणि का. रागावणं बंद, फक्त लिहिणं. तीन आठवड्यांनी वही वाचली तेव्हा "का" च्या रकान्यात एकच उत्तर पुन्हा पुन्हा होतं, वेगवेगळ्या अक्षरांत: "मागे होतं, दिसलं नाही." सासूबाईंच्या अक्षरातली एक नोंद मला अजून पाठ आहे: "पालेभाजी. आणली त्या दिवशी कुणी घरी जेवलं नाही, मग वर दुसरी आणली."

त्यातून दोन बदल झाले. फ्रिजचा डोळ्यांसमोर येणारा वरचा खण रिकामा केला आणि त्यावर मुलाने चिठ्ठी लावली, "आधी हे." उघडलेलं, उरलेलं, आज-उद्या संपवायला हवं ते सगळं तिथेच. भाज्यांचे खालचे खोल खण मात्र अर्धेच भरायचे. दुसरा बदल, आणायला जाण्याआधी त्या खणाचा फोनवर फोटो काढायचा. यादी करायला कंटाळा येतो, फोटोला येत नाही. फ्रिजचं तापमानही पाहिलं, ते ८ अंश होतं. ४ वर आणलं तेव्हा वस्तू जास्त दिवस टिकायला लागल्या. पाकिटांवरच्या तारखांबाबतही घरात एकदा नीट बोललो. "या तारखेपूर्वी उत्तम" याचा अर्थ त्यानंतर चव किंवा पोत कमी होऊ शकतो, पदार्थ विषारी झाला असा नाही. "या तारखेपर्यंतच वापरा" ही सूचना मात्र सुरक्षिततेची असते, ती पाळायचीच. या दोन्हींत फरक न केल्याने आम्ही बरंच चांगलं अन्न टाकत होतो.

इतकं करूनही सालं आणि देठं उरणारच. त्यांच्यासाठी भोकं पाडलेल्या बादलीत खत करायला घेतलं, आणि तिसऱ्या आठवड्यात ते पुरतं फसलं. झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा वास, तळाला काळं पाणी, कडेने अळ्या. नवरा म्हणाला, "हे आजच्या आज बाहेर टाक." मी टाकणारही होते.

मग बादली अंगणात उपडी केली आणि हातमोजे घालून त्यात पाहिलं. मधला गोळा ओल्या चिखलासारखा चिकटून बसला होता. त्यात हवाच नव्हती. खत करणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं तसा कर्ब लागतो, साधारण एक भाग नत्राला पंचवीस ते तीस भाग कर्ब. ओल्या सालांत नत्र आणि पाणी भरपूर, कर्ब कमी. तो वाळलेल्या पानांत, पुठ्ठ्यात, लाकडाच्या भुशात असतो. आम्ही तीन आठवडे फक्त ओलं घालत गेलो होतो. त्या गोळ्यात वाळका पालापाचोळा आणि फाडलेला पुठ्ठा मिसळला, आकारमानाने ओल्याच्या दुप्पट. मूठभर घेऊन दाबलं की एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये, इतकी ओल ठेवली. जुन्या खताची दोन ओंजळी विरजण म्हणून घातली. चार दिवसांत वास गेला. आठवड्याने ढवळायला हात घातला तर आतून ऊबदार लागलं, आणि त्या उबेने मला झालेला आनंद मी कुणाला समजावून सांगू शकले नाही. अडीच महिन्यांनी पावसानंतरच्या मातीसारखा वास असलेलं काळं भुरभुरीत खत निघालं.

आता बादलीशेजारी वाळक्या पानांचं पोतं कायम भरलेलं असतं. ओलं टाकणाऱ्यानेच वर दोन मुठी पानं टाकायची. एवढं एकच काम आमच्याकडे रोजचं आहे, आणि ते मुलाने स्वतः मागून घेतलं.

सुक्या कचऱ्यात फारशी प्रगती नाही. डबे विसळून, वाळवून देतो, कारण खरकट्या एका डब्याने शेजारचा चांगला कागदही पुनर्वापराला निकामी होतो. अनेक थर चिकटवलेली चकचकीत पाकिटं मात्र येतात तशी जातात. त्यांचे थर वेगळे करणं कारखान्यांनाही अवघड आहे, ती घरात कमी आणणं एवढंच हातात.

साफसफाईबद्दल एक टीप. व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतून फेस काढण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरतं ते बहुतांश खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही उपयोगी आहेत: क्षारांच्या डागांना व्हिनेगर, घासायला सोडा. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

वर्षानंतर

विजेची तुलना आम्ही आधीच्या वर्षातल्या त्याच महिन्याशी केली, कारण ऋतू बदलला की वापर बदलतो. दिवसाची सरासरी ९ युनिटांवरून ७ वर आली. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा एकट्या गिझरच्या टायमरचा. ओला कचरा आता घराबाहेर जातच नाही. मुलांना यात सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर वही, कारण तिने मोठ्यांनाही लिहायला लावलं.

एक गोष्ट उलटी झाली, तीही नोंदवते. एलईडी दिवे इतकी कमी वीज घेतात हे कळल्यावर घरात ते जास्त वेळ जळायला लागले. "किती लागते गं, जळू दे." १८६५ साली विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने कोळशाबाबत नेमकं हेच दाखवून दिलं होतं: इंजिनं काटकसरी झाली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, वाढला. दिव्यांच्या बाबतीत आमचं नुकसान थोडं आहे. पण बिल कमी आलं म्हणून त्याच महिन्यात नवऱ्याने आणखी एक मोठा स्क्रीन घ्यायचा विषय काढला, तेव्हा मी जेव्हन्सची गोष्ट त्याला सांगितली. स्क्रीन सध्या थांबला आहे.

फ्रिजचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो चौदा वर्षांचा आहे. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढली तर ती सहज निघून यायची, म्हणजे फट होती. रबर बदललं, आता पट्टी ओढायला जोर लागतो. मागची जाळी धुळीने भरलेली होती, ती झाडली आणि फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे घेतला. नवा फ्रिज वीज कमी घेईल, पण तो तयार होताना जो भार पडतो तोही मोजायला हवा, आणि जुन्यातला थंडावा निर्माण करणारा वायू नीट काढून घेणारं कुणी मिळाल्याशिवाय तो भंगारात देणं मला पटत नाही. वीजमापक पुढच्या महिन्यात पुन्हा उसनं मिळणार आहे. सात दिवस फ्रिजला लावून ठेवू, मग बोलू.